नोंदणीचा नंबर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही भाषणे करणारी बाई नाही. शाळा सातवीपर्यंत झाली, पुढे चूल आणि पोळपाट. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या मुलीचे झाले ते सांगा, दुसरीची लेक फसणार नाही." म्हणून उभी राहिले.

माझी धाकटी दहावी झाली तेव्हा एका वर्गाची पाटी पाहिली, 'सहा महिन्यांत नर्स व्हा.' बचत गटाचे कर्ज काढून मी फी भरली. हप्त्याने चालेल का, एवढेच विचारले. सहा महिन्यांनी पोर सोनेरी अक्षरांचा दाखला घेऊन आली. मी पेढे वाटले. ते तुम्हीही खाल्ले आहेत.

मग आळीत इंजेक्शन द्यायचे झाले की हाक तिलाच. शेजारच्या काकूंना तिने तीन दिवस सुई टोचली. मला केवढा अभिमान!

पुढे ती एका दवाखान्यात नोकरी मागायला गेली. तेथल्या मोठ्या सिस्टरनी दाखला उलटसुलट पाहिला आणि विचारले, "बाळ, कौन्सिलचा नोंदणी नंबर कुठे आहे?" तो नव्हता, त्या दाखल्यावर मिळणारही नव्हता. रात्री मुलगी म्हणाली, "आई, काकूंना काही झाले असते तर?" भगिनींनो, पैसे गेल्याचे दुःख त्यापुढे काहीच नव्हे. काकू आज येथे बसल्या आहेत. त्यांची मी सर्वांदेखत क्षमा मागते.

नंतर मी चौकशी केली. आपल्या राज्यात नर्सेसचा कायदा 1966 सालचा आहे. मान्य संस्थेत शिकून, परीक्षा देऊन, मुंबईच्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नाव नोंदवावे लागते. सर्वांत लहान अभ्यासक्रम 'एएनएम'चा. त्याला मुलगी बारावी पास आणि सतरा वर्षे पुरी झालेली हवी; शिक्षण दोन वर्षांचे. 'जीएनएम' तीन वर्षांचा, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा. उपकेंद्रावर बाळांना लस टोचणाऱ्या, गरोदर बायांची तपासणी करणाऱ्या ताई या एएनएमच. सपाट मुलखात पाच हजार वस्तीला एक उपकेंद्र असे सरकारी प्रमाण आहे. एवढ्या जिवांचा भार सहा महिन्यांच्या शिक्षणावर कसा टाकावा?

आजाऱ्याची उठबस करणाऱ्या, अंग पुसणाऱ्या बायांना मी कमी लेखत नाही. ते कष्टाचे, पुण्याचे काम आहे. पण ते शिकवून 'नर्स' म्हणून दाखला देणे ही फसवणूक आहे.

तेव्हा फी भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. संस्थेला कौन्सिलची मान्यता आहे का? परीक्षा कोण घेते? पास झाल्यावर नोंदणी होते का? उत्तर तोंडी घेऊ नका, कागद मागा, आणि तो कौन्सिलकडे पडताळून पाहा. आपण भाजी घेताना चार वांगी उलटून पाहतो. लेकीच्या आयुष्याचा कागद का पाहू नये?

माझी मुलगी पुन्हा कॉलेजात गेली, बारावी झाली, मग दोन वर्षे एएनएम शिकली. यंदा तिचा नोंदणीचा नंबर आला. या वेळी पेढे वाटण्याआधी मी कागद वाचला, दोनदा वाचला.