बंदराचा कायदा आणि कापसाचा मुलूख

व्यापारी कायदा आणि बंदरांचा कारभार या विषयावरील परिषदेसाठी प्राध्यापक, विधिज्ञ आणि व्यापारी यवतमाळ नगरीत आले आहेत. समुद्रापासून इतक्या दूर बंदरांची चर्चा कशासाठी, ही शंका निमंत्रणपत्रिका हाती पडताच कोणाच्या मनात आली असल्यास ती गैर नव्हे. परंतु वऱ्हाडचा कापूस एकोणिसाव्या शतकापासून मुंबईच्या धक्क्यावरून परदेशी गेला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूरहून यवतमाळपर्यंत आलेली नॅरोगेज रेल्वे, जिला लोक प्रेमाने शकुंतला म्हणतात, तीही मुख्यतः याच मालासाठी होती.

या विषयाचा विचार करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे स्मरण अपरिहार्य आहे. १९२५ ते १९२८ या काळात मुंबईतील बाटलीबॉय यांच्या अकौंटन्सी संस्थेत ते व्यापारी कायदा शिकवीत, पुढे शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि १९४७मध्ये घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष. चरित्रांत मात्र व्यापारी कायद्याचे ते अध्यापन बहुधा एका ओळीत आटोपले जाते. १९३५च्या भारत सरकार कायद्याने मोठी बंदरे केंद्राकडे आणि उरलेली प्रांतांकडे सोपविली होती. राज्यघटनेने मोठी बंदरे संघसूचीतच ठेवली, पण बाकीची समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य या दोघांनाही कायदा करता येईल अशा विषयांत आणली. या बदलाचे श्रेय एकट्या बाबासाहेबांना देणे इतिहासाला धरून होणार नाही, तरीही आजच्या कारभाराची मुळे त्याच सूचींत आहेत. न्हावा-शेवाचे बंदर केंद्राच्या कायद्याखाली चालते, तर जयगड आणि दिघी यांच्यावर १९९६च्या राज्य कायद्याने निर्माण झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाची देखरेख असते. आणि एखादे बंदर मोठे ठरते ते त्याच्या उलाढालीवरून नव्हे, तर कायद्याने तसे घोषित झाल्यामुळे, म्हणूनच गुजरातमधील मुंद्रा एवढा प्रचंड माल हाताळूनही त्या वर्गात बसत नाही.

कायद्याचा हा पसारा कापसाच्या एका गाठीपाशी आणून पाहणे उद्बोधक ठरेल. प्रेसिंगमधून बांधून निघालेली सुमारे १७० किलोची गाठ बंदराच्या गोदामात भिजली, तर नुकसान कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर १९६३च्या मोठ्या बंदरांच्या कायद्यातील ४३व्या कलमाने १८७२च्या करार कायद्याच्या आधारे दिले होते: ताब्यात घेतलेल्या मालाबाबत बंदराची जबाबदारी दुसऱ्याची ठेव सांभाळणाऱ्याची, आणि सामान्य विवेकाचा माणूस स्वतःच्या तशाच मालाची जेवढी काळजी घेईल तेवढी त्याने घेतली पाहिजे.

याहून अधिक चिंतेची बाब मोठ्या बंदरांचा कारभार पाहणाऱ्या मंडळाच्या रचनेत आहे. १९६३च्या कायद्यानुसार विश्वस्त मंडळावर जहाजमालकांबरोबर माल पाठविणाऱ्यांच्या हितसंबंधांनाही प्रतिनिधित्व देता येत असे. २०२१च्या मोठ्या बंदर प्राधिकरणांच्या कायद्याने मंडळ आटोपशीर केले, राज्य शासन, रेल्वे, संरक्षण, सीमाशुल्क आणि कामगार यांच्या जागा राखल्या, दोन ते चार स्वतंत्र सदस्यांची सोय केली, परंतु माल पाठविणारे हा वर्ग नावाने उरला नाही. त्याच कायद्याने दर ठरविण्याचा अधिकार १९९७पासून काम करणाऱ्या स्वतंत्र दर प्राधिकरणाकडून काढून मंडळाकडेच दिला. कारभारात चपळाई आली असेल, हे मान्य. पण जो दर ठरवितो त्याच्या बैठकीत दर भरणाऱ्याची खुर्ची हमखास असावी, असे स्वागत समितीचे स्पष्ट मत आहे, आणि अभ्यासकांनी ते खोडून काढल्यास त्या युक्तिवादाचेही स्वागतच होईल.

परिषदेच्या दुसऱ्या सत्रात हाच मुद्दा चर्चेला येणार असून त्यासाठी जिल्ह्यातील जिनिंग-प्रेसिंग चालकांना आणि निर्यातदारांना मुद्दाम बोलाविण्यात आले आहे. त्यांनी डेमरेजची, म्हणजे मुदतीबाहेर माल बंदरात राहिल्याबद्दल आकारलेल्या शुल्काची, जुनी बिले सोबत आणली असतील, तर ती प्राध्यापकांपुढे निःसंकोच मांडावीत.