संगणकाने जपून ठेवलेली किल्ली



जुन्या कचेरीत बदली झालेला लिपिक पदभार सोडताना दप्तरखान्याच्या किल्ल्यांचा जुडगा मोजून देई, येणारा मोजून घेई, आणि कागदावर दोघांच्या सह्या होत. आता दप्तराचा बराचसा भाग कार्यालयातील सर्व्हरवरच्या सामायिक फोल्डरमध्ये गेला आहे. त्याची किल्ली म्हणजे वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड. ती टेबलावर दिसत नाही; त्यामुळे मोजून देण्याचेही कोणाच्या ध्यानात येत नाही.

विंडोज प्रणालीच्या संगणकावरून असा फोल्डर प्रथम उघडताना नाव व पासवर्ड विचारला जातो. त्याच चौकटीत, ही ओळख लक्षात ठेवावी काय, असे विचारणारा एक लहानसा चौकोन असतो. कामाच्या घाईत माणूस तेथे खूण करतो आणि विसरतो. संगणक मात्र विसरत नाही. तो पासवर्ड सांकेतिक रूपात साठवतो आणि पुढे न विचारता वापरीत राहतो. ही सोय मोठी आहे आणि तिला सरसकट दोष देणे योग्य होणार नाही. संगणक एकाच व्यक्तीचा असेल, तर पासवर्ड चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटविण्यापेक्षा ती निश्चितच बरी.

अडचण निराळीच आहे. साठविलेला पासवर्ड विंडोजमधील त्या खात्यापुरता असतो. परंतु पंचायतीत अथवा शाळेत एकच संगणक आणि एकच खाते चौघे-पाचजण वापरतात, हे श्रोत्यांपैकी अनेकांना परिचित असेल. समजा, लाभार्थ्यांच्या यादीचा फोल्डर एका लिपिकाच्या नावाने उघडला गेला, पासवर्ड साठवला गेला आणि पुढे त्याची बदली झाली. त्यानंतर त्या खुर्चीवर बसणारा प्रत्येकजण त्याच्याच नावाने यादीत शिरेल. एखादे नाव गाळले गेले आणि चौकशी झाली, तर सर्व्हरच्या नोंदवहीत दिसेल तो बदलून गेलेला लिपिक. खुर्चीवर कोण बसले होते, हे ती नोंदवही सांगू शकत नाही. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-सी खाली गुन्हा असून त्यास ३ वर्षांपर्यंत कारावास व १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे; पण निरपराध माणसाची झालेली मानहानी त्याने भरून निघत नाही.

साठविलेल्या नोंदी पाहणे अवघड नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’ उघडून ‘विंडोज क्रेडेन्शियल्स’ निवडावे. तेथे सर्व्हरचे नाव व वापरकर्त्याचे नाव दिसते. पासवर्ड दिसत नाही. नको असलेली नोंद ‘रिमूव्ह’ने काढावी. एकच सर्व्हर कधी नावाने, तर कधी आकडी पत्त्याने जोडलेला असतो. अशा वेळी त्याच्या दोन नोंदी असतात आणि एक काढून दुसरी राहते. शिवाय, चालू असलेली जोडणी नोंद काढल्याबरोबर तुटत नाही. त्यासाठी खात्यातून बाहेर पडून पुन्हा आत यावे लागते.

सर्व्हरवर पासवर्ड बदलला आणि संगणकात जुनाच राहिला, तर संगणक मुकाट्याने जुना पासवर्ड पाठवीत राहतो. चुकीच्या प्रयत्नांची मर्यादा घातलेली असल्यास खाते बंद पडते, आणि सकाळी कामावर आलेला कर्मचारी योग्य पासवर्ड देऊनही दाराबाहेरच राहतो. यंत्रात बिघाड झाल्याचा बोभाटा होतो, बिघाड नसतोच. त्याच नोंदीतील ‘एडिट’ने नवा पासवर्ड भरावा.

पदभाराच्या यादीत कपाटे आणि शिक्के यांच्याखाली आणखी एक ओळ घालण्यास हरकत नसावी: साठविलेल्या नोंदी काढल्या. तिच्या शेजारी दुसरीही हवी, सर्व्हरवरील खाते बंद केले अशी. कारण संगणकातील नोंद काढल्याने केवळ तेथे ठेवलेली किल्ली जाते, कुलूप बदलत नाही. ते काम सर्व्हर सांभाळणाऱ्याचे, आणि त्याला बदलीचा आदेश कळविण्याचे काम कार्यालयप्रमुखाचे.