जुना श्वासविकार आणि घरबसल्या देखरेख : खर्च व लाभ



जुन्या श्वासविकाराच्या रुग्णांना घरच्या घरी तपासणी करणारी यंत्रे संस्थेने घेऊन द्यावीत, अशी सूचना काही सभासदांनी मांडली आहे. त्यामागील तळमळ आम्ही जाणतो. ज्या माउल्या जन्मभर चुलीपुढे फुंकणी घेऊन बसल्या, जे कामगार गिरणीत कापसाची धूळ गिळत राबले, त्यांना आज जिना चढवत नाही. तरीही देणगीचा पैसा खर्च करण्यापूर्वी हिशेब मांडावयास हवा.

डॉक्टर ज्याला सीओपीडी म्हणतात त्या ह्या आजारात श्वासमार्ग कायमचे अरुंद होतात. आजार पूर्ण बरा होत नाही आणि मधूनमधून उफाळतो. धाप वाढते, बेडका वाढतो, त्याचा रंग बदलतो. हे लवकर ओळखले तर पुष्कळदा घरीच औषधाने आवरते. म्हणून रुग्णाने रोज बोटाला ऑक्सिमीटर लावावा, लक्षणे नोंदवावीत आणि ती माहिती दूरवरच्या परिचारिकेने पाहावी, अशी ही योजना आहे. ऑक्सिमीटर 2020 च्या साथीत आपल्या वस्त्यांत येऊन गेलाच आहे.

इंग्लंडमध्ये 2008 पासून ह्याची मोठी चाचणी झाली. मधुमेह, हृदयविकार व श्वासविकाराचे मिळून तीन हजारांवर रुग्ण तीत होते. वर्षभरात यंत्रवाल्या गटात शेकडा 4.6 दगावले, दुसऱ्या गटात 8.3. हा आकडा ऐकून कोणीही हुरळून जाईल! पण 2013 साली खर्चाचा अहवाल आला. पूर्ण आरोग्याचे एक वर्ष पदरात पाडण्यास सुमारे 92,000 पौंड लागत होते. तेथील सरकारी मोजमाप तेव्हा 20 ते 30 हजारांचे होते. त्याच वर्षी स्कॉटलंडमधील लोदियन भागाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तेथे 256 रुग्ण होते, सर्व श्वासविकाराचे. दोन्ही गटांना उपचारसेवा सारखीच दिली होती, फरक केवळ यंत्राचा. इस्पितळात दाखल होण्याचे प्रमाण घटले नाही. आमच्या मते ह्या विषयातील सर्वांत बोलकी चाचणी हीच.

खर्च केवळ यंत्राचा नसतो, आकडा पाहणाऱ्या माणसाचा असतो. धडधाकट माणसाचा ऑक्सिजन 95 च्या वर असतो; सीओपीडीच्या कित्येक रुग्णांत 88 ते 92 हीच डॉक्टरांनी ठरविलेली पातळी असते. सर्वांना एकच मर्यादा लावली तर रोज खोटी घंटा वाजेल व खरी घंटा कोणी ऐकणार नाही. शिवाय गार बोटे, नखावरचा रंग ह्यांनी आकडा चुकतो. 2020 साली अमेरिकेत असे आढळले की, खालावलेला ऑक्सिजन ह्या यंत्राच्या नजरेतून सुटण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांपेक्षा काळ्या रुग्णांत सुमारे तिप्पट होते. आपल्या सावळ्या बोटांच्या बाबतीत हे ध्यानी ठेवलेच पाहिजे.

लाभ नाहीत असे आम्ही म्हणत नाही. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यास आपल्यावर कोणाचे लक्ष आहे ह्याचाच मोठा धीर असतो. तूर्त मात्र आमची सूचना अशी : इनहेलर नीट ओढावयास शिकविणे, बिडी सोडविणे आणि धुराची चूल घरातून घालविणे, ह्यांवर आधी पैसा लावावा. विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एकदा आपल्या वस्तीतील रुग्णांकडे जाऊन धाप व बेडका विचारावा, वहीत टिपावा आणि बिघाड दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांस कळवावे. रविवारी रात्री यंत्रावर 82 आकडा आला तर फोन कोणी उचलावयाचा, हे नावानिशी ठरेल तेव्हा यंत्रांचा ठराव पुन्हा सभेपुढे आणावा.