तिकिटाचा दर कोण ठरवतं?



आपल्याकडे गावच्या जत्रेला तमाशा येतो तो सुपारीवर. जत्रा कमिटी घरोघर वर्गणी गोळा करते, फडमालकाशी रक्कम ठरवून विसार देते, आणि बघणाऱ्याला एक पैसाही पडत नाही. तोच फड कनात लावून तिकिटावर उतरला की जोखीम फडमालकाची. अवकाळी पाऊस कोसळला तर रात्रीचा गल्ला बुडाला. कलावंतांना दिलेली उचल मात्र अंगावर. कुणाचं काय बुडालं, हे सकाळी चहाच्या टपरीवर सगळ्यांना ठाऊक असतं.

शहरातल्या मोठ्या कॉन्सर्टमध्ये नेमकं हेच झाकलेलं राहतं. बड्या कलाकाराचं मानधन बहुधा आधीच बांधलेलं असतं. तिकिटं खपोत न खपोत, आयोजकाला ते मोजावंच लागतं. वर मैदानाचं भाडं, स्टेज, साउंड, लाइट. पाचशेच्या वरच्या तिकिटावर जीएसटी, बुकिंगचा आकार निराळा. इथवर आयोजकाची अडचण मला समजते. पण प्रायोजक बँकेच्या कार्डधारकांना आधी विक्री खुली करणं मला मुळीच मान्य नाही. 2024 मध्ये दिलजीत दोसांझच्या दौऱ्यात तसं झालं. सेलू-जिंतूरच्या ज्या पोराकडे ते कार्ड नाही, त्याने उरल्यासुरल्यावर समाधान मानायचं!

22 सप्टेंबर 2024 ला कोल्डप्लेची तिकिटं निघाली. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवरचे जानेवारी 2025 चे कार्यक्रम, दर 2,500 पासून 35,000 रुपयांपर्यंत. बघता बघता तिकिटं संपली आणि दुसऱ्या संकेतस्थळांवर लाखांच्या भावाने दिसू लागली. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने चौकशी केली. उच्च न्यायालयाने मात्र याविषयीची जनहित याचिका फेटाळली. असे नियम करणं हा सरकारच्या धोरणाचा भाग, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

काळ्या बाजारातला तो वरचा पैसा गाणाऱ्याच्या हाती पडत नाही, तो मधल्यामध्ये जिरतो. आणि परभणीहून रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसने निघालेल्या मुलाचं तिकीट बनावट ठरलं, तर गाडीभाडं, मुक्काम सगळंच पाण्यात. दाद मागायची कुणाकडे?

आयर्लंडने 2021 मध्ये कायदा करून मोठ्या कार्यक्रमांची तिकिटं छापील किमतीहून जास्त दराने विकायला बंदी घातली. आपल्या विधिमंडळाने तेवढं तरी करावं. शिवाय किती तिकिटं खुल्या विक्रीला आहेत आणि किती राखून ठेवली, हे आयोजकाने विक्रीआधीच जाहीर करावं.