वाघांच्या मुलखात कोळी बघताना



संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी ‘कोळी’ म्हटलं आणि फोनवर थोडा वेळ शांतता पसरली. मग हळूच प्रश्न आला, “वाघाचे फोटो नाहीत का तुझ्याकडे?” आहेत ना, दोन आहेत. दोन्हींत वाघ पाठमोरा आहे. कोळ्यांचे मात्र भरपूर आहेत आणि त्यांतले बरेचसे थेट माझ्याकडे बघणारे आहेत. म्हणून आज कोळीच.

आपण १९८१ साली दहावी झालो तेव्हा गडचिरोली आपल्याच जिल्ह्यात होती. २६ ऑगस्ट १९८२ रोजी तो जिल्हा वेगळा झाला. पण कागदावर रेघ ओढली म्हणून जंगल, मामा तलाव आणि धानाच्या बांध्या काही तुटत नाहीत. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं. आज जगभरातून माणसं इथे वाघ बघायला येतात, आणि त्याचा मलाही अभिमान आहे. फक्त एवढंच सांगते, की या मुलखात तुम्ही कुठेही उभे असा, तुमच्या सर्वांत जवळचा शिकारी वाघ नसतो, कोळी असतो.

माझी आजी कोळ्याला ‘कातीण’ म्हणायची. कातते ती कातीण. संस्कृतच्या तासाला आपण ‘ऊर्णनाभ’ हा शब्द शिकलो, म्हणजे नाभीतून लोकर काढणारा. धागा खरं तर पोटाच्या टोकाशी असलेल्या बारीक नळ्यांतून येतो, पण नाव ठेवणाऱ्याने जवळून पाहिलं होतं एवढं नक्की. आपण मात्र अंगावर पुरळ उठलं की ‘कोळी मुतला’ म्हणून मोकळे होतो. पावसाळ्यात दिव्याजवळ येणारा एक बारीकसा भुंगा अंगावर चिरडला तर त्याच्या रसानेही तसेच फोड येतात. बोल मात्र कोळ्याला लागतो, आणि मग झाडू घेऊन त्याच्यामागे लागतो आपण.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मुलीने मला मोबाइलला चिमट्याने लावायचं एक भिंग आणून दिलं. पुढे कॅमेरा आणि मॅक्रो लेन्स आली. इतक्या जवळून फोटो काढताना जेमतेम एक-दोन मिलिमीटर भागच स्पष्ट येतो, म्हणून नेम नेहमी डोळ्यांवर धरायचा. डोळे स्पष्ट आले की बाकीचं धूसर चालतं. फ्लॅशपुढे ट्रेसिंग पेपर लावला की उजेड मऊ होतो आणि चकचकीत अंगावर पांढरे डाग पडत नाहीत. हंगाम पाऊस ओसरल्यापासून दिवाळीपर्यंतचा, आणि वेळ पहाटेची, कारण तेव्हा वारा नसतो आणि दवामुळे प्रत्येक जाळं दिसतं. कोळ्याला डिवचायचं नाही, फोटोसाठी जाळं तोडायचं नाही.

आपल्या भागासाठी एक नियम जास्तीचा. मोहफुलं वेचताना, तेंदूपत्ता तोडताना वाकलेल्या माणसांवर वाघाचे हल्ले झालेले आपण दरवर्षी वाचतो. कोळ्याचा फोटो काढणारा माणूसही तसाच वाकलेला आणि तितकाच बेसावध असतो. म्हणून जंगलात मी गुडघे टेकत नाही. घराचं कुंपण, गावाजवळची शेतं, तलावाची पाळ, तेही उजाडल्यावर आणि सोबत कुणीतरी उभं असताना. ही पहारेकऱ्याची नोकरी सध्या आमच्या ह्यांच्याकडे आहे, बिनपगारी.

आता पडद्याकडे बघा. हा ‘जायंट वुड स्पायडर’. ताडोबाच्या रस्त्यांवर पावसाळ्यानंतर दोन झाडांच्या मध्ये त्याचं भलंमोठं जाळं दिसतं, उन्हात धागा सोनेरी चमकतो. मधोमध बसलेली आहे ती मादी, नुसतं अंगच दीड-दोन इंच. वरच्या कोपऱ्यात तो लाल ठिपका दिसतो का? ते पिल्लू नव्हे, यजमान आहेत.

हा दुसरा, उडी मारणारा कोळी. हा शिकारीसाठी जाळं विणत नाही, मांजरासारखा दबा धरतो. कोळ्यांना बहुधा आठ डोळे असतात, त्यातले याचे समोरचे दोन फार मोठे. कॅमेरा जवळ नेला की हा वळून तुमच्याकडे बघतो. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मीच दचकले होते. कुणीतरी आपली ओळख विचारतंय असं वाटतं, आणि त्यानंतर झाडू उचलवत नाही.

हा तिसरा ओळखा. लाल मुंगी? पाय मोजा. आठ आहेत. पानं शिवून घर करणाऱ्या लाल मुंग्यांचं हे सोंग आहे. त्या मुंग्यांच्या वाट्याला सहसा कुणी जात नाही, त्याचा फायदा हा कोळी घेतो. पुढचे दोन पाय वर धरून मुंगीच्या मिशांसारखे हलवतो. आपल्या झाडीपट्टीत नाटकाला कलावंतांची कमी नाही, हाही त्यातलाच.

आता ज्या कारणासाठी मी इथे बोलायला उभी राहिले, त्याकडे येते.

माझा धाकटा भाऊ सिंदेवाहीकडे धान करतो. दोन वर्षांपूर्वी आश्विनात आजूबाजूच्या बांध्यांमध्ये तपकिरी तुडतुडे दिसू लागले. तुडतुडे बुडाशी बसून रस शोषतात, जास्त झाले तर पीक गोल चट्ट्यांत जळाल्यासारखं वाळतं. हा धोका खोटा नाही. भावाने औषध आणून ठेवलं होतं, सकाळी फवारणी होती. मी म्हटलं, “एक रात्र मला दे.”

बॅटरी डोळ्यांच्या रेषेत धरून आम्ही बांधीत उजेड टाकला. धानाच्या बुडाशी हिरवट ठिणग्या लुकलुकल्या. ते लांडगा कोळ्यांचे डोळे. उजेड परतवतात म्हणून चमकतात. काही पाण्यावरून धावत होते, एकीच्या पाठीवर पिल्लांचं लेंढार होतं. पानांना समांतर, काडीसारखे ताणून बसलेले लांब जबड्यांचे कोळी वेगळेच. मी फोटो काढून तिथेच मोठे करून दाखवले. एका लांडगा कोळ्याच्या तोंडात तुडतुडा होता. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शेतकरी-पुस्तिकेत लिहिलं आहे, की असा एक कोळी दिवसाला पाच ते पंधरा किडे खातो.

भाऊ म्हणाला, “ताई, फोटो चांगला आहे, पण पीक गेलं तर फोटो खायचा का?”

प्रश्न रास्त होता. म्हणून आम्ही मोजायचं ठरवलं. तमिळनाडू कृषी विद्यापीठाची शिफारस अशी, की कोळी नसतील तर फुटव्यामागे एक तुडतुडा दिसला की फवारावं. पण प्रत्येक चुडात एक कोळी असेल, तर दोन तुडतुड्यांपर्यंत थांबता येतं. म्हणजे कोळ्याला तिथे हिशेबात जागा आहे. सकाळी आम्ही बांधीत तिरपे चालत वीस चूड वाकवून बघितले. कोळी जवळपास प्रत्येकात होते, तुडतुडे मर्यादेच्या आत. फवारणी थांबली. दर तिसऱ्या दिवशी मोजणी झाली. पाणी साचणाऱ्या एका कोपऱ्यात आकडा वर गेला, तिथलं पाणी काढलं आणि तेवढ्याच कोपऱ्यात औषध मारलं. धान शेजाऱ्यांपेक्षा जास्त झालं नाही, कमीही झालं नाही. औषधाचा खर्च मात्र वाचला. भाऊ आता स्वतःच बॅटरी घेऊन बांधीत जातो.

यात काही जादू नाही. सरसकट फवारणीत कोळी मरतात, तुडतुड्यांची अंडी मात्र पानांच्या आवरणात सुरक्षित राहतात. ती फुटली की खाणारं कुणी उरलेलं नसतं. इंडोनेशियात याचा इतका फटका बसला, की १९८६ साली तिथल्या सरकारने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली.

दुसरं, नोंदीबद्दल. २०१२ साली अमरावतीच्या अभ्यासकांनी भारतातल्या कोळ्यांची यादी छापली, त्यात १६८६ जाती होत्या. जगातल्या नोंदलेल्या जाती २०२२ मध्ये पन्नास हजारांवर गेल्या. आणि २०२१ मध्ये ठाणे परिसरात सापडलेल्या एका नव्या उडी मारणाऱ्या कोळ्याला २६/११ चे हुतात्मा तुकाराम ओंबळे यांचं नाव दिलं गेलं, ‘आयसियस तुकारामी’. मुंबईच्या गर्दीला लागून नवी जात मिळते, तर भामरागड-एटापल्लीच्या जंगलात काय असेल! फोटोवरून जात नेहमी ठरत नाही, त्यासाठी सूक्ष्मदर्शक आणि जाणकार लागतो. पण तारीख, गाव आणि झाड लिहिलेला फोटो जाणकाराच्या कामाला येतो. नुसता सुंदर फोटो फक्त व्हॉट्सॲपच्या कामाला येतो.

तेव्हा माझ्या दोन विनंत्या. आपल्यातल्या ज्यांच्या घरी धान आहे, त्यांनी फवारणीच्या आदल्या रात्री एकदा बॅटरी घेऊन बांधीत जावं, आणि तुडतुड्यांबरोबर कोळीही मोजावेत. आणि गुरुजनांना विनंती, की शाळेच्या कुंपणावरचे कोळी मुलांकडून वर्षातून एकदा मोजून घ्यावेत, वही शाळेत ठेवावी. पहिली वही मी आणली आहे, मुख्याध्यापकांच्या हाती देते. भिंग सोबत आहे. वीस वर्षांनी त्या वहीत काय वाढलं आणि काय कमी झालं हे वाचायला आपल्यातलं कुणी असो वा नसो, मुलं असतील.

चहा तयार आहे असं खुणेने सांगताहेत. मागच्या खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात एक कोळी बसला आहे. ज्यांना बघायचंय त्यांनी माझ्याबरोबर या, आणि सफाईवाल्या दादांना आज एवढं जाळं राहू द्या म्हणून सांगा.