ख्रिस्तीनंतर काय वाचावे?

विद्यार्थी विचारतात, ‘अगाथा ख्रिस्ती वाचून संपली, आता पुढे काय?’ मी त्यांना पुढे नव्हे, मागे पाठवतो. जे. जेफर्सन फार्जन यांची १९३७ची ‘मिस्टरी इन व्हाइट’ घ्या. नाताळच्या आदल्या दिवशी आगगाडी बर्फात अडकते, काही प्रवासी एका घराचा आसरा घेतात. आत शेकोटी पेटलेली, चहा मांडलेला आणि माणूस एकही नाही! विस्मरणात गेलेली ही कादंबरी ब्रिटिश लायब्ररीने २०१४मध्ये पुन्हा छापली आणि ती हातोहात खपली.

त्याच मालेत अँथनी बर्कली यांची ‘द पॉयझन्ड चॉकलेट्स केस’ (१९२९) मिळते. खून एक, उकल करणारे सहा, उत्तरेही सहा. समीक्षेच्या तासाला सिद्धान्ताआधी मी हीच सांगतो. एका संहितेची अनेक वाचने कशी होतात, ते मुलांना चटकन उमगते. (शेवट मात्र सांगत नाही. तेवढे पथ्य पाळतो.)

बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. आपल्याकडच्या जुन्या वाचनालयांत त्यांतल्या ज्या उरल्या असतील, त्यांची यादी तरी अकादमीने यंदा करावी, एवढी माझी मागणी आहे.