लेकराच्या उपचारात सगळं घर

भाकऱ्या उरकल्या असतील, गुरांना वैरण पडली असेल. आता घटकाभर बसा. आज विषय थोडा अवघड आहे.

आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी दहावीनंतर खोलीतून बाहेर येईना. जेवण तुटलं, झोप गेली. एके दिवशी ताईंना तिच्या हातावर तिनं स्वतःच केलेल्या जखमा दिसल्या. कुणी म्हणालं, बाहेरचं झालंय. कुणी म्हणालं, लग्न करून टाका. सासूबाई म्हणाल्या, आईनंच लाडावून ठेवली. ताईंनी बैठकीला येणंच सोडलं. आम्ही घरी गेलो, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "माझंच कुठं चुकलं असंल हो?"

मैत्रिणींनो, असा आजार एकट्या आईच्या चुकीनं होत नाही. पण घर कसं बोलतं, कसं वागतं, यावर तो निवळतो किंवा चिघळतो. म्हणून समुपदेशक मुलासोबत घरच्यांनाही बसवतात. याला कुटुंब उपचार म्हणतात.

आपल्या देशात हे जुनंच आहे. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात जागाही अपुरी होती आणि माणसंही. तिथल्या डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांसोबत नातेवाइकांना राहायला बोलावलं. आजार काय आहे हे घरच्यांना समजलं, भीती कमी झाली, आणि रुग्ण लवकर घरी जाऊ लागले.

पुढे अमेरिकेत साउथ कॅरोलायना राज्यात, रुग्णालयात ठेवावं लागेल इतक्या बिकट अवस्थेतल्या मुलांवर असाच प्रयोग झाला. काही मुलांच्या घरीच समुपदेशक जायचे. काही महिने आईवडिलांशी, शाळेशी, शेजाऱ्यांशी बोलून मार्ग काढायचे. सुरुवातीला याचा गुण रुग्णालयापेक्षा चांगला आला. ही मुलं घरात आणि शाळेत जास्त टिकली. पण वर्ष-सव्वा वर्षानं दोन्हीकडच्या मुलांमधला फरक बराचसा पुसला गेला. यातून आपण काय घ्यायचं? एका पाण्यावर पीक येत नाही. बरं वाटलं तरी सोबत सुटू द्यायची नाही.

ताईंच्या घरी काय झालं ते सांगतो. समुपदेशक म्हणाल्या, वडिलांनाही आणा. वडील म्हणाले, रोज बुडतो. मग त्या दिवशी आम्ही त्यांच्या म्हशींचं पाहिलं आणि तिघांना एसटीत बसवून दिलं. तिथं मुलगी पहिल्यांदा बोलली, "बाबा रोज मार्कांवरून बोलतात. मी नकोशी झालेय." वडील गप्प झाले. त्यांना हे माहीतच नव्हतं.

मग घरात काही गोष्टी ठरल्या. टोमणे बंद. रात्रीचं जेवण एकत्र. आजी, आई, वडील तिघांचं म्हणणं एक. फवारणीचं औषध कुलपात, किल्ली वडिलांकडे. मुलगी फार अस्वस्थ झाली तर तिच्याजवळ कुणी बसायचं, कुणाला फोन करायचा, हेही ठरलं. डॉक्टरांच्या गोळ्या चालूच राहिल्या. आज वर्ष होत आलं. वाईट दिवस अजून येतात, पण मुलगी आता ते सांगते.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. घरातलंच कुणी मारत असेल, छळत असेल, तर मुलीला त्याच्यासमोर बोलायला लावू नका. समुपदेशकांना आधी एकटीनं भेटू द्या.

मदत कुठं मिळेल? टेलिमानसचा नंबर लिहून घ्या: १४४१६. फोन मोफत, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे का, हे आशाताईंना विचारा. कुणी जिवाचं बरंवाईट करायचा प्रयत्न केला, तर पोलिसांच्या भीतीनं उपचार लांबवू नका. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा अशा माणसाला तीव्र ताणाखाली असलेला मानतो आणि त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी ठरवतो.

आणि गटातली एखादी ताई अचानक बैठकीला यायची थांबली, तर हप्ता विचारायच्या आधी तिच्या लेकरांची चौकशी करा. जमलं तर एक दिवस तिच्या म्हशीही सांभाळा.